घरचा प्रश्न जगाच्या वर्गात

नोव्हेंबर लागला की पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे अर्ज वाचण्याचे काम माझ्याकडे येऊ लागते. कोणाला शिफारसपत्र हवे असते, कोणाला आपल्या एसओपीवरून, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशनिवेदनावरून, एकदा नजर फिरवून हवी असते. नागपूरच्या धरमपेठ, रामदासपेठ, लॉ कॉलेज चौक या भागांत परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सींच्या पाट्या आता शिकवणीवर्गांच्या पाट्यांइतक्याच दाटीने लागल्या आहेत आणि तेथून सुधारून आलेल्या एसओपी एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी एखादे उद्दिष्ट पहिल्या परिच्छेदात असते आणि त्यासाठी काही करून दाखवण्याची तळमळ दुसऱ्या परिच्छेदात. मुलांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. ती मी वर्गात रोज पाहते. परंतु हे सारे वाचून झाल्यावर अर्ज करणारा मुलगा कोठे वाढला, त्याच्या वस्तीत पाणी किती दिवसांनी येते, त्याच्या घरात कोणता आजार आहे, यातले काहीच कळत नाही.

अशाच एका मुलीचा अर्ज माझ्या लक्षात राहिला आहे. ती गडचिरोलीकडची, नागपुरात वसतिगृहात राहून जैवतंत्रज्ञान शिकलेली. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आपल्याकडे रुग्णालयांत आणि घरांत म्हणतात तसा तो ‘एसएस’, म्हणजे आजारी, आणि ती स्वतः ‘एएस’, म्हणजे आजारी नसलेली पण वाहक. थंडी पडली की भावाच्या सांध्यांत उठणाऱ्या कळा, रात्री-अपरात्री गाठलेली रुग्णालये, रक्ताच्या पिशवीसाठी आईवडिलांनी घातलेल्या खेपा, हे सगळे पाहत ती मोठी झाली होती. एसओपीत मात्र यातले एक अक्षरही नव्हते. जनुकसंपादनाचे, म्हणजे जनुकांत हेतुपुरस्सर बदल करण्याच्या तंत्राचे, भवितव्य आणि जागतिक आरोग्य यांवर तिने दोन पाने लिहिली होती. भावाविषयी का लिहिले नाहीस, असे मी विचारले, तेव्हा ती अगदी सहजपणे म्हणाली, “हे तर आमच्या घरचंच आहे ना मॅडम, यात जागतिक काय राहते?”

तिला त्या दिवशी जे सांगितले ते येथे जरा विस्ताराने मांडते. इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून माझी अशी धारणा झाली आहे की जागतिक प्रश्न नावाची गोष्ट कोणत्याही देशात सुटी सापडत नाही. सापडतात ते ठिकठिकाणचे प्रश्न, त्या त्या ठिकाणच्या माणसांनी सोसलेले, आणि बहुधा एकमेकांची खबर नसलेले. आंतरराष्ट्रीय शिक्षणाचे मोठे काम म्हणजे या प्रश्नांची गाठ घालून देणे. ती गाठ पडायची तर विद्यार्थ्याने आपला प्रश्न सोबत न्यायला हवा. रिकाम्या हाताने गेलेला विद्यार्थी दुसऱ्याने ठरवलेल्या प्रश्नावर राबतो, पदवी घेतो, नोकरीही मिळवतो. त्यात गैर काहीच नाही, पण त्याच्या गावाचे जे दुखणे जगाला कळू शकले असते ते न कळलेलेच राहते.

सिकलसेलचाच इतिहास पाहावा. या आजाराची पाश्चात्त्य वैद्यकातील पहिली नोंद १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. ज्या रुग्णाच्या रक्तात कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी दिसल्या, तो वॉल्टर क्लेमंट नोएल हा विद्यार्थी होता. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी तो १९०४ साली शिकागोला आला होता. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिले ते अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने. नोएलने पदवी घेतली, तो ग्रेनाडाला परतला, तेथे दंतवैद्य म्हणून काम करू लागला आणि १९१६ साली न्यूमोनियाने ऐन तिशीत वारला. हेरिकच्या लेखात त्याचे नाव नाही. शिकायला आलेला हा तरुण वैद्यकाच्या इतिहासात शिरला तो रुग्ण म्हणून. त्याच्या घरात, त्याच्या बेटावर असे आजारी आणखी कोण होते, हे त्या वेळी त्याला विचारले गेले असते तर या आजाराच्या आनुवंशिकतेचा माग किती आधी लागला असता, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

याच आजाराच्या इतिहासात दुसरा एक विद्यार्थी आहे, घानाचा क्वाकू ओहेने-फ्रेम्पाँग. साठच्या दशकात तो अमेरिकेत येल विद्यापीठात शिकायला गेला. तेथे सिकलसेलवरचे एक व्याख्यान ऐकताना त्याच्या ध्यानात आले की आपल्या नात्यातला मुलगा ज्या आजाराने गेला तो हाच. पुढे १९७२ साली त्याला मुलगा झाला आणि तो मुलगाही याच आजारासह जन्मला. ओहेने-फ्रेम्पाँग बालरक्तविकारतज्ज्ञ झाले. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील सिकलसेल केंद्राची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली, आणि १९९५ साली घानातील कुमासी शहरात व त्याच्या आसपास नवजात बालकांच्या सिकलसेल तपासणीचा प्रकल्प सुरू केला. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून आजार जन्मतःच ओळखता आला तर बाळाला वेळेवर पेनिसिलिन सुरू करता येते, आणि पहिल्या काही वर्षांत ज्या जंतुसंसर्गाने ही मुले दगावतात तो टाळता येतो. औषध जुने, स्वस्त आणि माहीतच होते. ते नेमके कोणाला द्यायचे, हे कळायला उशीर होत असे.

विदर्भाला हे सगळे परके नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही नवजातांच्या तपासणीचे काम झालेले आहे आणि मध्य भारतातील या आजाराचे चित्र त्यातून अधिक स्पष्ट झाले. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा त्याचा संकल्प आहे. त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकसंपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत रुग्णामागे २२ लाख डॉलर ठेवली गेली. माझ्या विद्यार्थिनीच्या एसओपीत या उपचाराचे कौतुक होते. ते रास्तच आहे, कारण विज्ञानाची ती खरोखर मोठी झेप आहे. पण गडचिरोलीतल्या उपकेंद्रात विजेचा भरवसा नसताना तपासणी कशी करावी, ‘एएस’ निघालेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी कशी फिसकटतात, वाहक असणे आणि आजारी असणे यांतला फरक एखाद्या आजीला तिच्या बोलीत कसा समजावून सांगावा, हे प्रश्न त्या विद्यार्थिनीइतके जवळून माहीत असलेला माणूस शिकागोच्या किंवा लंडनच्या प्रयोगशाळेत क्वचितच असेल. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, एवढे पुस्तकात मिळते. त्या २५ टक्क्यांच्या सावलीत एक कुटुंब कसे निर्णय घेते, हे तिने पाहिलेले आहे. असे ज्ञान घेऊन विद्यार्थी वर्गात गेला, म्हणजे वर्गालाही काही मिळते.

नोएल ग्रेनाडात वारला त्याच वर्षी, म्हणजे ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या एका भारतीय विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली तेथे गेलेल्या या विद्यार्थ्याविषयी नागपुरात वेगळे सांगण्याची गरज नाही; दीक्षाभूमी या शहराच्या मध्यातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात प्रामुख्याने अर्थशास्त्र शिकत होते, आणि लंडनमध्येही त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. तरीही जो प्रश्न त्यांनी जन्मापासून सोसला होता तो त्यांनी जगातल्या उत्तम अभ्यासकांसमोर शास्त्राच्या भाषेत मांडला, विवाहाच्या बंधनांतून जात कशी टिकते याची उपपत्ती दिली, आणि ती मांडताना कोठेही दयेची याचना केली नाही. पुढे १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे होत असलेल्या अर्जाची प्रत त्यांनी त्यात मागितली आणि अस्पृश्यांची व कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे हे नमूद केले. डु बॉइस स्वतः तरुणपणी बर्लिनला शिकून आलेले. आपापल्या घरचा प्रश्न घेऊन परदेशी वर्गात बसलेली ही दोन माणसे एकमेकांना पत्रातून ओळखत होती, ही गोष्ट मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते.

म्हणूनच २०२२ साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत आलेली एक अट मला मनापासून खटकते. अनुसूचित जाती, विमुक्त आणि भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकार ही शिष्यवृत्ती देते. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय तिच्यातून वगळले गेले. या विषयांची साधने देशातच मुबलक आहेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता. साधने देशात आहेत हे खरेच आहे. परंतु आपल्या समाजाकडे दुरून पाहण्याची, दुसऱ्या समाजाशेजारी ठेवून तो तपासण्याची आणि परक्यांच्या कठोर प्रश्नांना उत्तरे देण्याची संधी ग्रंथालयात मिळत नाही. १९१६ चा तो निबंध या अटीत बसला नसता. सर्वांत कमी साधने असलेल्या मुलांना, तुम्ही जा पण तुमचा प्रश्न येथेच ठेवून जा, असे सांगणे हे शिष्यवृत्तीच्या हेतूलाच छेद देणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांनी जगाच्या प्रश्नाला हात घालायचा म्हणजे काय, याचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण प्रशांत महासागरातले आहे. युनिव्हर्सिटी ऑफ द साऊथ पॅसिफिक हे १९६८ साली स्थापन झालेले विद्यापीठ १२ बेटराष्ट्रांच्या एकत्र मालकीचे आहे. तेथला वर्गच मुळात आंतरराष्ट्रीय. २०१९ साली त्याच्या वानुआतू येथील आवारात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या चर्चेतून एक कल्पना उचलून धरली: हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारावे. त्यांनी बेटराष्ट्रांच्या नेत्यांना पत्रे लिहिली, संघटना उभारली, आणि वानुआतूच्या सरकारने ती मागणी आपली मानली. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने संमत केला. डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आपले सल्लामत एकमुखाने दिले. हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडणाऱ्या राष्ट्रावर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. सल्लामत बंधनकारक नसते, हे खरे. पण जगभरातील न्यायालयांना आता त्याची दखल घ्यावी लागेल. समुद्र घरात शिरू लागला आहे, ही त्या विद्यार्थ्यांची घरचीच गोष्ट होती.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या, आणि लगेच वादही झाला. तो वाद मला टाळ्यांपेक्षा मोलाचा वाटला. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात ज्याचे वडील कंत्राटी कामगार आहेत असा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, की कोळसा बंद करा हे बेटावरून म्हणणे सोपे आहे. कोराडी आणि खापरखेडा बंद झाले तर आमच्या गल्लीतली किती घरे चालतील, याचे उत्तर त्या न्यायालयाने दिले आहे का? नागपूर हे कोळशाच्या पट्ट्यातले शहर आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय येथेच आहे आणि कोराडीच्या राखेचा त्रास व कोराडीचा पगार ही दोन्ही येथल्या माणसांच्या वाट्याला आली आहेत. भारतानेही हेगमधल्या सुनावणीत अशीच भूमिका घेतली होती की सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधने लादू नयेत आणि ऐतिहासिक प्रदूषकांची जबाबदारी विसरू नये. दुसऱ्या एका विद्यार्थिनीने त्याला विचारले, की वडिलांच्या छातीचा एक्स-रे तू कधी पाहिला आहेस का. तो गप्प बसला नाही. त्याने पाहिलेला होता आणि त्याविषयीही तो बोलला. असा मुलगा वानुआतूच्या त्या विद्यार्थ्यांशेजारी एका बाकावर बसला पाहिजे, असे मला त्या दिवशी तीव्रतेने वाटले. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि दोघांनाही एकमेकांची खबर नाही. न्याय्य ऊर्जासंक्रमण, म्हणजे कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाताना कामगारांवर अन्याय होऊ न देणे, हा शब्दप्रयोग अहवालांत शेकडो वेळा येतो, पण त्याचा मसुदा अशा दोघांनी मिळून लिहिला तर तो निराळा होईल.

अशा मुलांनी जायचे कसे, हा प्रश्न उरतोच. परदेशी शिक्षणाचा खर्च ज्यांना झेपतो त्यांच्या घरी कोळशाची राख सहसा येत नाही. बाकीच्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या मोजक्या जागांचा आधार, नाहीतर एज्युकेशन लोन, ज्यात वडील को-अॅप्लिकंट असतात आणि घर किंवा शेत गहाण पडते. कर्ज डोक्यावर घेऊन गेलेल्या मुलाने आपला प्रश्न बाजूला ठेवून सर्वांत जास्त पगाराची वाट धरली, तर मी त्याला दोष देणार नाही. परत येणार की नाही, असेही मी कोणाला विचारत नाही. ओहेने-फ्रेम्पाँग यांचे बरेचसे आयुष्य फिलाडेल्फियात गेले आणि तरी कुमासीतल्या बाळांच्या टाचेतला रक्ताचा थेंब तपासला गेला. पत्ता बदलला म्हणजे प्रश्न सुटला, असे त्यांनी मानले नाही.

ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी वर्गच येथे आणता येतो, आणि अलीकडे माझा बराचसा जीव त्या कामात गुंतला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त आणि दुहेरी पदव्यांसाठी नियम केले, परंतु त्यासाठी शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या पहिल्या शंभरांत स्थान, अशासारख्या अटी आहेत. विदर्भातील बहुतेक लहान महाविद्यालये त्यांत बसत नाहीत. दोन शिक्षकांनी ठरवून दोन देशांतील मुलांचा एक समाईक वर्ग ऑनलाइन चालवणे मात्र यातल्या कशावाचूनही शक्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांचा असा वर्ग कुमासीतील विद्यार्थ्यांबरोबर चालतो. तेथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा नागपुरात साडेपाच झालेले असतात, त्यामुळे वेळ जमते. वीज आणि इंटरनेट दोन्हीकडे सारखेच दगा देतात. सिकलसेलवर झालेल्या सत्रांत आमच्या मुलांनी तेथील नवजात तपासणीची रीत समजून घेतली, तर तेथील मुलांनी लग्नापूर्वीच्या समुपदेशनाविषयी इतके बारीक प्रश्न विचारले, की उत्तरे शोधण्यासाठी आमच्या मुलांना पुन्हा गावी जाऊन माणसांशी बोलावे लागले.

आता पुढचा विषय उन्हाचा आहे. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासातून पुढे आले, आणि तेथील महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था व अमेरिकेतील संस्था-विद्यापीठे यांनी मिळून २०१३ साली उष्णता कृती आराखडा तयार केला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तसे आराखडे केले. आराखड्यातले इशारे शहराच्या तापमानावर निघतात, पण टिनाच्या छपराखाली मध्यरात्री किती तापते याची नोंद कोणी ठेवत नाही. आमच्या मुलांना ती ठेवायची आहे. मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, देशभर बातमी झाली आणि नंतर हवामान विभागाने संवेदक सदोष असल्याचे सांगितले. त्यामुळे प्रत्येक घरात दोन तापमापके ठेवायची आणि ती आधी एकमेकांशी पडताळून घ्यायची, असे मुलांनी स्वतःहून ठरवले आहे. कुमासीत उन्हाळ्याचा कडाका फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, म्हणून त्यांची मोजणी आधी होईल. तिच्यातल्या अडचणी समजून घेऊन आमची मुले एप्रिलपासून आपल्या वस्त्यांत मोजणीला लागतील. या कामाचे श्रेयांक विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेत यावेत यासाठीचा प्रस्ताव आम्ही अभ्यास मंडळाकडे देत आहोत, आणि कुमासीच्या शिक्षिकेनेही तिच्या विद्यापीठात तसाच प्रस्ताव मांडण्याचे कबूल केले आहे.